गव्हाणी, स्वयंपाकघर आणि मळलेले पाय

ख्रिस्ती कथाचित्रांचा मुख्य आधार म्हणजे चार शुभवर्तमाने, आणि त्यांतील बहुतेक प्रसंग साध्या माणसांच्या वस्तीत घडतात. लूकच्या वृत्तान्तानुसार येशूच्या जन्माच्या वेळी उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून तान्ह्या बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. जन्माची वार्ता सर्वांत आधी पोहोचली ती रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांकडे. पुढे हा मुलगा सुताराच्या घरात वाढला. त्याच्या पहिल्या शिष्यांत कोळी होते, त्याच्या पंक्तीला जकातदार बसले, त्याच्याभोवती कुष्ठरोगी आणि आंधळे जमले, आणि त्याला मरण आले ते गुन्हेगाराला द्यायच्या शिक्षेने. कथा अशी असूनही ख्रिस्ती चित्रकलेने या प्रसंगांना गरिबाचे घर सहजासहजी दिले नाही. कित्येक शतके ते सोनेरी पार्श्वभूमीवर, राजवस्त्रांत आणि संगमरवरी कमानींखाली रंगवले गेले. त्यांना गोठ्यात, स्वयंपाकघरात, सुतारशाळेत किंवा खेड्यातल्या रस्त्यावर आणणारी परंपरा हळूहळू उभी राहिली आणि तिला वेळोवेळी विरोध झाला. हा विरोध धर्मसिद्धान्ताच्या नावाने होत असला, तरी त्याच्या मुळाशी बहुधा एकच प्रश्न होता: देवाच्या शेजारी कोणाला उभे राहू द्यायचे?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी प्राचीन ग्रीक-रोमन साहित्यशास्त्रातील एक संकेत ध्यानात घ्यावा लागतो. उदात्त विषयाला उदात्त शैली, सामान्य माणसांच्या व्यवहाराला हलकी शैली, अशी विभागणी तेथे रूढ होती. राजे आणि वीर शोकान्तिकेत येत. नोकर, कारागीर आणि शेतकरी आले की प्रसंग विनोदी व्हायचा. जर्मन अभ्यासक एरिक औअरबाख यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथात दाखवून दिले, की शुभवर्तमानांनी ही विभागणी मोडली. अंगणात शेकोटीपाशी एका दासीने हटकल्यावर पीटर हा कोळी आपल्या गुरूला नाकारतो आणि मग रडतो. जुन्या संकेतानुसार हा प्रसंग गंभीर साहित्याचा विषय होऊच शकला नसता. येथे मात्र एका सामान्य माणसाच्या मनातील उलथापालथ जगाच्या इतिहासातील मोठी घटना म्हणून सांगितली आहे. ईश्वर मानवी देहात आला, हा ख्रिस्ती धर्माचा पायाभूत विश्वास आहे. तो खरा मानला, तर त्या देहाला लागलेली धूळ, थकवा आणि भूक यांनाही धार्मिक अर्थ प्राप्त होतो. लेखकांनी पहिल्या शतकातच हे स्वीकारले. चित्रकारांना त्यासाठी हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

या विलंबाला कारण होते. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यानंतर चर्चच्या भिंतींवर येशू हळूहळू सिंहासनावरचा सम्राट म्हणून दिसू लागला. बायझंटाइन परंपरेतील सोन्याची पार्श्वभूमी प्रसंगाला स्थळकाळापलीकडे नेते. त्या चित्रांची भव्यता निर्विवाद आहे आणि त्यांमागची श्रद्धाही खरी आहे. मात्र त्यांत जन्माचा प्रसंग मुख्यतः पूजाविधीचा भाग होतो. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलाचा जन्म म्हणून तो सहसा समोर येत नाही.

बदलाची सुरुवात चित्रातून झाली नाही, ती एका सोहळ्यातून झाली. १२२३ सालच्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेचो या गावी खऱ्या गवताची गव्हाणी मांडली, शेजारी खरा बैल आणि गाढव बांधले आणि गावकऱ्यांसह मध्यरात्रीची उपासना केली. बैल आणि गाढव शुभवर्तमानातील जन्मकथेत नाहीत. यशया संदेष्ट्याच्या एका वचनाच्या आधारे ते फार पूर्वीपासून या प्रसंगाशी जोडले गेले होते. फ्रान्सिसला भाविकांपुढे गरिबी प्रत्यक्ष मांडायची होती. फ्रान्सिस्कन पंथाने पुढे श्रोत्यांना सतत हेच शिकवले, की प्रसंग मनात उभा करा, आईच्या हातापायांना किती गारठा लागला असेल ते पाहा, जणू तुम्ही तेथे हजर आहात. चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत ब्रिजिटने सांगितलेल्या दृष्टान्ताने या चिंतनाला आणखी एक रूप दिले: बाळ उघड्या जमिनीवर पडलेले आहे, त्याच्यातूनच प्रकाश बाहेर येतो आहे आणि आई त्याच्यापुढे गुडघे टेकून आहे. चित्रकारांनी हे रूप भराभर उचलले.

पंधराव्या शतकात फ्लँडर्समध्ये या चिंतनाला चित्ररूपाची पूर्ण ताकद मिळाली. ह्यूगो फान डेर गूसने १४७५च्या सुमारास रंगवलेल्या पोर्तिनारी वेदीचित्रात बाळ उघड्या जमिनीवर आहे आणि उजवीकडून तीन मेंढपाळ घाईने आत येत आहेत. त्यांचे चेहरे रापलेले, हात राठ. एकाचे तोंड आश्चर्याने उघडे पडले आहे आणि दातांतल्या फटी दिसताहेत. चित्राचा खर्च उचलणारा तोमासो पोर्तिनारी हा मेदिची घराण्याच्या पेढीचा ब्रूझमधील प्रमुख होता. बाजूच्या फळीवर तो कुटुंबासह प्रार्थना करताना दिसतो, पण आकाराने तो मेंढपाळांपेक्षा लहान आहे. देवदूतही मेंढपाळांहून लहान आहेत. आकारातून महत्त्व सांगण्याची जुनी रीत येथे धनिकाच्या बाजूने वापरलेली नाही. १४८३ साली हे चित्र फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर तेथील चित्रकारांवर त्याचा मोठा परिणाम झाला. दोनच वर्षांनी दोमेनिको गिर्लांदायोने सान्ता त्रिनिता चर्चसाठी रंगवलेल्या जन्मप्रसंगात तसेच राकट मेंढपाळ आले.

पीटर ब्रूगेलने १५६६ साली रंगवलेल्या ‘बेथलेहेममधील शिरगणती’ या चित्रात ही परंपरा एक पाऊल पुढे गेली. ब्रसेल्सच्या राजेशाही ललितकला संग्रहालयात असलेल्या या चित्रात बेथलेहेम म्हणजे बर्फाने झाकलेले एक फ्लेमिश खेडे आहे. डावीकडे उतारशाळेच्या दाराशी नाव नोंदवायला आणि कर भरायला गर्दी झाली आहे. समोर डुक्कर कापण्याचे काम चालू आहे, मुले गोठलेल्या पाण्यावर खेळताहेत, माणसे ओझी वाहताहेत. या गजबजाटात निळ्या झग्यात गुरफटलेली एक बाई गाढवावर बसून येते आणि खांद्यावर मोठी करवत घेतलेला सुतार तिच्यापुढे चालतो. कोणाच्याही मस्तकामागे तेजोवलय नाही, गावातले कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. उतारशाळेच्या भिंतीवर हाब्सबुर्ग घराण्याचे दुतोंडी गरुडाचे चिन्ह आहे. त्या वेळी नेदरलँड्सवर त्याच घराण्यातील स्पेनच्या राजाची सत्ता होती. रोमन सम्राटाच्या हुकुमाने गरोदर बाईला कडक थंडीत प्रवास करावा लागतो, ही गोष्ट ब्रूगेलच्या प्रेक्षकांना त्यांच्याच काळातली म्हणून कळली असेल. येथे साध्या परिसराचे काम केवळ भक्ती जागवण्याचे राहत नाही. पाहणाऱ्याला त्या गर्दीत मरिया शोधावी लागते आणि शोधताना आपणही तिला सहज ओलांडून गेलो असतो, हे त्याच्या लक्षात येते.

या परंपरेतील सर्वांत तीव्र संघर्ष रोममध्ये, काराव्हाज्जोच्या चित्रांवरून झाला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये चित्रांविषयी ठराव केला होता. चित्रांनी अशिक्षितांना शिकवावे आणि त्यांत अशोभनीय काही नसावे, अशा दोन्ही अपेक्षा त्यात होत्या. काराव्हाज्जोने पहिली अपेक्षा पूर्ण करण्यासाठी जे केले, तेच दुसऱ्या अपेक्षेच्या आड आले. सान लुइजी देइ फ्रांचेसी या चर्चमधील ‘मत्तयला पाचारण’ या चित्रात जकातदार मत्तय तत्कालीन पोशाखातल्या माणसांबरोबर एका साध्या, अंधाऱ्या खोलीत पैसे मोजत बसला आहे. उजवीकडून येशूचा हात आणि प्रकाशाचा झोत एकदम आत येतात. हे चित्र मान्य झाले. त्याच चर्चसाठी १६०२ साली केलेला ‘मत्तय आणि देवदूत’ याचा पहिला नमुना मात्र नाकारला गेला. त्यात संत मत्तय उघड्या पायांवर पाय टाकून बसला होता, त्याचे मळके पाऊल वेदीच्या दिशेने पुढे आले होते आणि अक्षर गिरवायला शिकवावे तसा देवदूत त्याचा हात धरून लिहवीत होता. व्हिंचेन्झो जुस्तिनियानी या संग्राहकाने ते चित्र विकत घेतले. पुढे ते बर्लिनला गेले आणि १९४५ साली तेथे नष्ट झाले. शुभवर्तमान लिहिणारा माणूस अडाणी श्रमिक दिसू शकतो, ही कल्पनाच त्या वेळी सोसवली नाही.

काराव्हाज्जोच्या ‘कुमारी मरियेचा मृत्यू’ या चित्राचेही असेच झाले. १६०१ साली लायेर्झिओ केरुबिनी या वकिलाने ते त्रास्तेव्हेरे भागातील सान्ता मारिया देला स्काला या चर्चसाठी सांगितले होते. पूर्वीच्या चित्रांत मरियेच्या मृत्यूच्या वेळी आकाश उघडते आणि देवदूत उतरतात. येथे एका रिकाम्या खोलीत साध्या लाल वस्त्रातील बाईचा सुजलेला देह पडला आहे. तिचे पाय उघडे आहेत, भोवती म्हातारे प्रेषित मान खाली घालून उभे आहेत आणि पुढे एक तरुण स्त्री ओणवी होऊन रडते आहे. तिच्या पायांशी तांब्याचे घंगाळ आहे. वर टांगलेला मोठा लाल पडदा आणि मस्तकाभोवतीची बारीक रेघ सोडली, तर हे कोणत्याही गरीब घरातले मरण आहे. कार्मेलाइट संन्याशांनी चित्र नाकारले. १६०७ साली रूबेन्सच्या सल्ल्यावरून मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतले; आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या चित्रात धर्मविरोधी काहीही नाही. मरण खरे आहे, दुःख खरे आहे आणि शोक करणाऱ्यांना पुनरुत्थानाचे कोणतेही दृश्य आश्वासन दिलेले नाही, एवढेच. श्रद्धेचा भार पाहणाऱ्यावर सोपवणारे चित्र म्हणूनच ते महान ठरते.

‘लोरेतोची माता’ हे काराव्हाज्जोचे १६०४ ते १६०६च्या दरम्यानचे चित्र मात्र ज्या जागेसाठी केले तेथेच राहिले. रोममधील सान्त आगोस्तिनो चर्चमध्ये ते आजही पाहता येते. पोपडे उडालेल्या भिंतीच्या घराच्या दारात मरिया बाळाला कडेवर घेऊन अनवाणी उभी आहे. पुढे एक म्हातारा आणि एक म्हातारी गुडघे टेकून बसले आहेत. म्हातारीचे डोक्याचे फडके मळके आणि फाटलेले आहे. म्हाताऱ्याची धुळीने भरलेली पावले थेट प्रेक्षकाकडे वळलेली आहेत. चित्रकार आणि चरित्रकार जोव्हान्नी बाल्योने याने या पावलांवरून लोकांनी मोठा गलका केल्याचे नमूद केले आहे. ही पावले खोडसाळपणाने रंगवलेली नाहीत. संत फिलिप नेरीने १५४८ साली स्थापन केलेला यात्रेकरूंच्या सेवेचा संघ त्या काळी रोममध्ये कार्यरत होता आणि १६००च्या महोत्सवी वर्षात तेथे आलेल्या यात्रेकरूंचे पाय उच्चकुलीन मंडळीही धूत होती. मळलेली पावले म्हणजे लांबून चालत आल्याची खूण. पंढरीची वारी ठाऊक असलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. काराव्हाज्जोने ती खूण वेदीवर, उपासकाच्या डोळ्यांच्या उंचीला आणून ठेवली. समोर गुडघे टेकणारा गरीब यात्रेकरू आणि चित्रातला यात्रेकरू यांच्यात अंतरच उरले नाही.

सतराव्या शतकात हा विचार दोन वेगळ्या वाटांनी पुढे गेला. सेव्हिलमध्ये एकोणीस वर्षांच्या दिएगो वेलाझ्केझने १६१८ साली ‘मार्था आणि मरिया यांच्या घरी ख्रिस्त’ हे चित्र रंगवले. चित्राचा मोठा भाग स्वयंपाकघराने व्यापला आहे. एक तरुण मोलकरीण खलबत्त्यात काही कुटते आहे. टेबलावर मासे, अंडी, लसूण आणि एक मिरची आहे. शुभवर्तमानातला प्रसंग कोपऱ्यातील एका चौकटीत लहान आकारात दिसतो. त्याच काळातील, आता डब्लिनला असलेल्या दुसऱ्या चित्रात आफ्रिकी वंशाची एक मोलकरीण भांड्यांपाशी वाकून उभी आहे. १९३३ साली चित्र स्वच्छ करताना तिच्यामागे अम्माऊस येथील भोजनाचा प्रसंग उघड झाला: पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांबरोबर पंक्तीला बसला आहे. सेव्हिलमध्ये त्या काळी गुलामांची खरेदी-विक्री चालत असे. अशा शहरात वेलाझ्केझने पवित्र प्रसंग पाठीमागे ठेवला आणि काम करणाऱ्या बाईला पुढे आणले. ख्रिस्ताच्या अस्तित्वाची चाहूल सर्वांत आधी तिलाच लागली असावी, असे तिच्या मुद्रेवरून वाटते.

दुसरी वाट हॉलंडमध्ये रेम्ब्रांटची. तेथील प्रॉटेस्टंट चर्चमधून चित्रे हटवली गेली होती. धार्मिक चित्राची जागा आता घर होती. हर्मिटेज संग्रहालयातील १६४५च्या ‘पवित्र कुटुंब’ या चित्रात मरिया मांडीवरचे पुस्तक वाचता वाचता थांबते आणि पाळण्यावरचे पांघरूण उचलून बाळाकडे पाहते. मागे अंधारात जोसेफ लाकूड तासतो आहे. वरून काही बाल-देवदूत उतरताहेत, पण चित्राची ऊब येते ती आईच्या त्या एका हालचालीतून. लूव्रमधील १६४८च्या ‘अम्माऊस येथील भोजन’ या चित्रातही भाकरी मोडणारा ख्रिस्त थकलेल्या, फिकट चेहऱ्याचा माणूस आहे. काराव्हाज्जोला धक्क्याची गरज होती, कारण त्याला वेदीच्या थाटाशी झगडायचे होते. रेम्ब्रांटला ती गरज उरली नाही. त्याच्याकडे साधेपणा हीच पवित्र प्रसंगाची स्वाभाविक भाषा झाली.

एकोणिसाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. जॉन एव्हरेट मिले याने १८५० साली लंडनच्या रॉयल अकादमीत ‘ख्रिस्त आपल्या आईवडिलांच्या घरी’ हे चित्र मांडले. त्यासाठी त्याने खऱ्या सुतारशाळेचा अभ्यास केला होता. जमिनीवर लाकडाचे छिलके पसरले आहेत. खिळा लागून लहान येशूच्या तळहाताला जखम झाली आहे आणि आई त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली आहे. त्या जखमेत पुढच्या क्रूसाची सूचना आहे. चित्रावर कठोर टीका झाली आणि टीकाकारांत चार्ल्स डिकन्सही होते. आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात जून १८५० मध्ये त्यांनी या कुटुंबाच्या कुरूपतेवर तुटून पडणारा लेख लिहिला. लंडनच्या गरिबांची व्यथा आयुष्यभर मांडणाऱ्या लेखकालाही पवित्र कुटुंब गरीब दिसणे सहन झाले नाही, यावरून हा संकेत किती खोल रुजला होता ते कळते. गरिबाविषयी दया बाळगणे आणि गरिबाच्या चेहऱ्यात देव पाहणे, या दोन गोष्टींमध्ये मोठे अंतर आहे.

जर्मन चित्रकार फ्रिट्झ फॉन उडे याने मिलेहून वेगळा मार्ग धरला. त्याच्या १८८४च्या चित्रात ख्रिस्त एका खेडवळ खोलीत खुर्चीवर बसला आहे आणि त्या काळच्या कपड्यांतली गावची मुले त्याच्याभोवती जमली आहेत. १८८५च्या चित्रात श्रमिक कुटुंब जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणत उभे असताना तो खोलीत येतो. चित्राचे नावही जर्मन घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या त्याच प्रार्थनेवरून दिले आहे. अमेरिकी चित्रकार हेन्री ओसावा टॅनरची आई गुलामीत जन्मली होती आणि वडील धर्मोपदेशक होते. १८९७ साली पॅलेस्टाइन पाहून आल्यावर त्याने १८९८ मध्ये ‘मरियेला देवदूताचा संदेश’ हे चित्र केले. चुरगळलेल्या अंथरुणावर बसलेली एक साधी किशोरी समोरच्या प्रकाशस्तंभाकडे संकोचाने पाहते आहे. देवदूताला पंख नाहीत, देहही नाही. अलौकिक ते सारे प्रकाशात सामावले आहे. खोली, चादर आणि मुलगी मात्र पूर्णपणे या जगातली आहेत.

या परंपरेवर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला कालविपर्यासाचा: बेथलेहेममध्ये फ्लेमिश बर्फ नव्हता आणि येशू बव्हेरियन शेतकऱ्याच्या घरी गेला नव्हता. परंतु शुभवर्तमान ही संपून गेलेली घटना म्हणून सांगितलेले नाही. प्रत्येक पिढीने ते आपल्यासाठी ऐकावे, अशी त्याची मागणी आहे. नेमका ऐतिहासिक पोशाख जमवणारे चित्र अनेकदा प्रसंगाला दूर देशातील कुतूहलाची वस्तू बनवते. टॅनरचे चित्र यशस्वी होते ते पॅलेस्टाइनच्या तपशिलामुळे नाही, त्या मुलीच्या संकोचामुळे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गरिबीची ही चित्रे बहुधा श्रीमंतांच्या पैशाने तयार झाली. मग ती श्रीमंतांच्या मनाचे समाधान करण्यापुरतीच नाहीत का? काही चित्रांच्या बाबतीत हे खरे आहे. गोंडस गोठा, स्वच्छ ठिगळे आणि गुबगुबीत मेंढपाळ असलेल्या असंख्य नाताळचित्रांनी दारिद्र्याला शोभेची वस्तू केले आहे. तेथे गरीब माणूस केवळ सजावटीपुरता उरतो.

म्हणून चांगल्या-वाईटाचा निकष परिसर किती साधा आहे हा असू शकत नाही. चित्रकाराने त्या साध्या माणसाला देवाइतकेच लक्ष दिले आहे का, हा खरा निकष होय. पोर्तिनारी चित्रातल्या मेंढपाळाचे उघडे तोंड, लोरेतोच्या म्हाताऱ्याची पावले, डब्लिनच्या मोलकरणीचा वाकलेला खांदा, रेम्ब्रांटच्या मरियेने थांबवलेले वाचन: या प्रत्येक ठिकाणी चित्रकाराने गरीब माणसाचे वेगळेपण जपले आहे. तो कोणाच्या दयेसाठी तेथे नाही. तो घटनेचा साक्षीदार आहे.

महाराष्ट्र आणि गोवा यांचा या इतिहासाशी खरा संबंध आहे. फादर थॉमस स्टीफन्सचे १६१६ साली राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तकथा सांगते. परदेशी कथा येथील श्रोत्याच्या भाषेत रुजवण्याचा तो मोठा प्रयत्न होता. चित्रकलेत ते काम गोव्याच्या सान्तो एस्तेव्हाव येथे जन्मलेल्या अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी केले. शांतिनिकेतनात शिकून आल्यावर त्यांनी मरियेला साडीत, भारतीय स्त्रीच्या रूपात रंगवले. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात त्यांच्यावर टीका झाली आणि त्यांनी आयुष्याचा मोठा काळ पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून काम केले. युरोपीय चेहऱ्याची, मुकुटधारी मरिया हेच पावित्र्याचे एकमेव रूप मानणाऱ्यांना ही साडीतली माता परकी वाटली. कार्मेलाइट संन्याशांना काराव्हाज्जोची मरिया अशीच परकी वाटली होती. फोन्सेका यांच्या कामाचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

या सर्व चित्रांनी मिळून धर्मचित्रकलेला एक कसोटी दिली. पवित्र प्रसंग साध्या घरात आणणे म्हणजे त्याला खाली ओढणे, हा समज चुकीचा आहे; तो प्रसंग मुळात तेथेच घडला होता. ज्यांनी तो राजवाड्यात रंगवला त्यांनी आदर दाखवला, पण ज्यांनी तो गोठ्यात, स्वयंपाकघरात आणि सुतारशाळेत परत आणला त्यांनी शुभवर्तमान अधिक नेमके वाचले. म्हणून या चित्रांसमोर उभे राहणाऱ्याने तेजोवलय शोधण्याआधी मेंढपाळाचे हात, मोलकरणीचा चेहरा आणि यात्रेकरूची पावले पाहावीत. चित्राचा अर्थ तेथूनच उलगडतो.